आता भेटाचं तं तिरडीजवयच काय? आमच्या फौजी मेळाव्याचं पूर्ण प्रकरण

ऑगस्ट 2023 मधे लोणारकडं एका मयतीला मी बाबांना मोटारसायकलवर घेऊन गेलो होतो. अधिक श्रावण होता त्या वर्षी, पाऊस दडी मारून बसलेला. गेलेले काका बाबांच्या पल्टनीतले, एकाच कंपनीतले, अन् आमच्या गावापासून त्यांचं गाव चाळीस किलोमीटरही नसेल, पण दोघं शेवटचं भेटले होते ते तिसऱ्या एका दोस्ताच्या मयतीलाच, दीड-दोन वर्षाआधी. येताना फाट्यावर चहाला थांबलो तर बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "आता भेटाचं तं तिरडीजवयच भेटाचं काय रे?"

त्या वाक्यावरून पुढचं सगळं झालं. आजकाल आपल्याकडं बऱ्याच गावात माजी सैनिकांचे मेळावे होऊन राहिले आहेत, अन् आम्ही ज्या चुका केल्या त्याच मला जागोजागी दिसतात, म्हणून हे प्रकरण जसं घडलं तसं लिहून ठेवतो.

आधी माणसं कोण ते सांगतो. आमचा मेहकर तालुका, बुलढाणा जिल्हा. फौजी म्हटलं की लोकांना सातारा-कोल्हापूर आठवतं, पण विदर्भातून फौजेत गेलेली माणसं कमी नाहीत. गार्ड्स या पायदळी रेजिमेंटचं सेंटर तर नागपूरजवळ कामठीलाच आहे, महार रेजिमेंटमधे इकडची कितीतरी घरं आहेत, मराठा लाइट इन्फन्ट्रीत आहेत, तोफखान्यात आहेत, गाड्या चालवणारे आहेत. बाबा मराठाच्या पहिल्या बटालियनमधले, जंगी पल्टन म्हणतात तिला. 1971 ची लढाई 3 डिसेंबरला सुरू झाली अन् 16 डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानच्या जनरल नियाझीनं शरणागतीवर सही केली, 93,000 च्या आसपास लोक शरण आले, हे आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेलं असतं. पण त्या तेरा दिवसात तिथं असलेला माणूस आज पंचाहत्तरीच्या अल्याडपल्याड आहे, गुडघे गेलेले, कान गेलेले, अन् घरात नातवंडं टीव्ही पाहत असताना कोपऱ्यात बसून राहतो, हे मात्र आपण पाहत नाही. मीही पाहत नव्हतो.

तर मी अन् दोन फौजींची पोरं, असे आम्ही तिघं लागलो कामाला. तारीख 16 डिसेंबर 2023, शनिवार होता. जागा झेडपीच्या शाळेचं मैदान. पहिला प्रश्न, बोलवायचं कोणाला? यादी कोणाकडंच नाही. सरकारी ऑफिसात नोंदी असतात पण ते लोकांचे नंबर असे वाटत नाहीत, अन् बरोबरच आहे ते. मग आमच्यातल्या एकाच्या डोक्यात आलं की नोव्हेंबरमधे सगळे पेन्शनवाले हयातीच्या दाखल्यासाठी येतात, कोणी बँकेत, कोणी सेतूवर अंगठा लावायला. तिथं आठ-दहा दिवस आळीपाळीनं बसलो. म्हातारा माणूस आला, ताठ बसला, चपला नीट जोडून ठेवल्या की विचारायचं, आबा फौजेत होते का? अशी बारा नावं मिळाली, शिवाय चार विधवा आज्या ज्यांना कुटुंब पेन्शन मिळते. आम्ही खूश. यादी पक्की झाली असं वाटलं. तिच्यात एक मोठं भोक होतं ते दुपारपर्यंत आम्हाला कळलं नाही, त्याच्यावर येतोच.

तयारी आम्ही सत्काराची केली. म्हणजे आपल्याकडं करतात तशीच. स्टेज, मंडप, बॅनर, बॅनरवर पाहुण्यांचे फोटो मोठे अन् फौजींची नावं खाली बारीक, शाल-श्रीफळ, डीजेवाल्याकडून देशभक्तीची गाणी, अन् स्वागताला फटाक्याची लड. लड मीच आणली, मेहकरहून. कापूस वेचणीचे दिवस, मजूर मिळत नव्हते, तरी लोकांनी खाडे केले, पोरांनी मैदान झाडलं, बायकांनी रांगोळी काढली. गावानं जीव लावला होता, यात कसूर नव्हती. कसूर आमच्या डोक्यात होती.

बोलावणं दहाचं. फौजी साडेनऊलाच हजर, एकूण एक, कोणी ॲटोनं, कोणी पोराच्या गाडीवर, बाहेरगावचे दोघं तर पहाटेच्या एसटीनं. कोट घातलेले, छातीवर मेडलं, पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, संग्राम मेडल, ज्याची त्याची. झेंडा लागला, राष्ट्रगीत झालं. त्यानंतर प्रमुख पाहुण्याची वाट पाहणं सुरू. प्लास्टिकच्या बिनहाताच्या खुर्च्या, त्यातून उठताना म्हाताऱ्या माणसाला धरायला काही नाही. ऊन सरकत सरकत पहिल्या रांगेवर आलं. डीजे एवढ्या जोरात की शेजारचा काय म्हणतो ते चांगल्या कानाच्या माणसाला ऐकू येईना, मग ज्यांचे कान तोफांनी अन् मशीनगननी आधीच अर्धे गेले त्यांचं काय. पन्नास वर्षांनी भेटलेली माणसं एकमेकाचा हात धरून नुसती हसत बसली होती कारण बोलता येत नव्हतं. शाळेची मुतारी पोरांच्या मापाची, बसायला उठायला त्रास, म्हणून दोघातिघांनी सकाळपासून पाणीच प्यालं नव्हतं. हे मला नंतर कळलं. बाबांनीच सांगितलं, अन् मला फार वाईट वाटलं.

पाहुणे आले साडेबाराला. ते गाडीतून उतरले अन् लड लागली.

तोफखान्यातले एक आबा होते, सहा फूट उंच, सकाळपासून सगळ्यात हसतमुख. लड सुरू झाली तसे ते उठले अन् कोणाशी न बोलता, काठी तिथंच सोडून, शाळेच्या मागं निघून गेले. लोकांना वाटलं लघवीला गेले. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. त्यांचा मुलगा शोधायला गेला, मी मागोमाग. आबा मागच्या भिंतीला पाठ लावून उकिडवे बसलेले, दोन्ही हात कानावर, अन् मुलगा बाबा बाबा करतो तर डोळे उघडून त्याच्याकडं पाहतात पण ओळख नाही. मुलगा घाबरला. दवाखान्यात न्यायचं म्हणून गाडी काढायला पळाला.

तेवढ्यात त्यांची म्हातारी आली. घाई नाही, काही नाही. त्यांच्या शेजारी मातीत बसली, पदरानं त्यांचं तोंड पुसलं अन् म्हणाली, "सरलं ते. सरलं. आता नाई वाजत." असं चार-पाच वेळा, लहान लेकराला म्हणतात तसं. मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "दिवायीत हे वावरातच झोपतात ना बाप्पा. लक्ष्मीपूजनाले बी घरी नसतात. पोरं म्हनतात बाबाले सनावाराचं काई वाटत नाई. मी काय सांगू पोराईले?"

बावन्न वर्षं. पोरांना हे माहीत नव्हतं. सुनांना माहीत नव्हतं. घरात दर दिवाळीला ह्याच्यावरून कुरबुर व्हायची, म्हातारा तऱ्हेवाईक आहे म्हणून, अन् त्या माउलीनं सगळं पोटात ठेवलेलं. मुलगा गाडीची चावी हातात घेऊन तिथंच उभा होता, त्यानं हे ऐकलं, अन् तो खाली बसून रडला. मी पाहुण्यांकडं गेलो, हात जोडले, म्हटलं भाषण थोडक्यात करा. त्यांनी समजून घेतलं अन् पाच मिनिटात आटोपलं, ही चांगुलपणाची गोष्ट लिहायलाच पाहिजे. डीजे बंद केला. शाल-श्रीफळ कसंबसं वाटलं.

जेवण रोडग्याचं होतं. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण. इथंही दात नसलेल्या माणसाला रोडगा कसा जाईल हा विचार आम्ही केला नव्हता, पण बायकांनी आपणहून रोडगे कुटून चुरा केला, त्यावर वरण अन् वरून तूप, अन् ताटं थेट मंडपाबाहेरच्या कडुलिंबाखाली नेऊन दिली, कारण फौजी एव्हाना स्टेज सोडून तिथं जाऊन बसले होते. कोणी ठरवलं नाही. शाळेशेजारच्या घरातून बाजा म्हणजे खाटा आल्या, सतरंज्या आल्या. तोफखान्यातले आबाही आले, मधोमध बसले. त्यांना कोणी काही विचारलं नाही. महार रेजिमेंटमधले एक आजोबा होते, त्यांनी फक्त आपल्या ताटातला मिरचीचा ठेचा त्यांच्या ताटात वाढला अन् म्हणाले, "आपल्यातला एकही मानूस लड ऐकून आतून जाग्यावर नसते, बावा. आमी फक्त बसून रायतो." मेळावा खऱ्यानं सुरू झाला तो तिथून, दुपारी दीड-पावणेदोनला.

मग बोलणं निघालं. बाबांनी जमालपूरचं सांगितलं, आताच्या बांगलादेशातलं. मी पन्नास वर्षाचा माणूस, त्यांचा मुलगा, अन् ही गोष्ट मी पहिल्यांदा पूर्ण ऐकली. आपल्या फौजेचे ब्रिगेडियर क्लेर यांनी जमालपूरच्या पाकिस्तानी कर्नलला शरण या म्हणून पत्र पाठवलं, मुक्तिबाहिनीचा, म्हणजे बांगलादेशासाठी लढणाऱ्या तिथल्या लोकांपैकी, एक मुन्शी नावाचा माणूस पांढरं निशाण लावून सायकलवर घेऊन गेला, अन् तिकडून जे उत्तर आलं त्याच्यासोबत बंदुकीची एक गोळी होती, म्हणजे या लढायला. 10 अन् 11 डिसेंबरच्या मधल्या रात्री ते वेढा फोडून निघाले ते थेट मराठाच्या अंगावर. बाबा त्या रात्रीचं फार बोलले नाहीत. "लय मानसं पडली. त्याईचीच जास्त पडली. सकाळी पायलं तं आपल्याच वयाचे पोट्टे," एवढं म्हणून थांबले. पण त्यानंतर टांगाईलला पूंगली पुलाजवळ पॅराशूटनं उतरलेल्या दोन पॅरा नावाच्या पल्टनीची गाठ पडली ते मात्र त्यांनी खुलून सांगितलं, कारण ती पल्टनही मूळची मराठाचीच. "अंधारात तिकडून आवाज आला, कोन हाये रे? मराठीत! आमाले वाटलं गावालेच आलो." सगळे हसले. मागं बसलेल्या नातवंडांनी तोवर मोबाईल बाहेर काढले होते, अन् या वेळी ते रील पाहायला नव्हते काढले.

माझं निरीक्षण असं की बाबा आमच्याकडं पाहून सांगत नव्हते, ते त्या आबांकडं पाहून सांगत होते, अन् आम्ही बाजूनं ऐकत होतो. मी घरी कितीदा विचारलं असेल, बाबा लढाईचं सांगा ना. "काय सांगाचं त्याच्यात" म्हणून विषय संपायचा. ज्यानं पाहिलं आहे त्यालाच सांगता येतं बहुतेक, अन् घरच्यांना ते कळायचं असेल तर त्या दोघांच्या बोलण्याच्या कडेला बसायला मिळालं पाहिजे. स्टेज अन् माइक त्या कडेचाच नाश करतात.

आता यादीतलं भोक.

सकाळी राष्ट्रगीताच्या वेळेस बाबांनी स्टेजवरून एक गोष्ट पाहिली होती. पाण्याचा टँकर घेऊन शेजारच्या गावचं ट्रॅक्टर आलं होतं, त्याच्यासोबत एक म्हातारा, मळकं धोतर, डोक्याला रुमाल. गीत सुरू झालं तसा तो कुंपणाजवळ सावधानमधे उभा राहिला, टाचा जुळलेल्या, मुठी बंद, अंगठे धोतरावर सरळ खाली. बाबा म्हणाले शाळेतला सावधान वेगळा असतो अन् फौजेतला वेगळा, तो अंगातून जात नाही. दुपारी तो म्हातारा टँकरच्या सावलीत एकटा बसला होता. बाबांनी लांबूनच आवाज टाकला, "नंबर?"

तो उठून उभा राहिला अन् आपल्या फौजेतल्या नंबराचे सातही आकडे धडाधड बोलला, मागून नाव. शहात्तर वर्षांचा माणूस, नातवाचा मोबाईल नंबर त्याला पाठ नव्हता.

त्यांना आम्ही आता ड्रायव्हर आबा म्हणतो. फौजेत गाडीवर होते, 1971 मधे बाडमेरच्या पुढं वाळूत दारूगोळा वाहिला. 1972 चा दुष्काळ पडला, घरी वडील वारले, बैल विकले गेले, लहान भाऊ-बहिणी, तर 1973 ला स्वतः अर्ज करून नाव कापून घरी आले. नऊ वर्षं नोकरी. जवानाला पेन्शन बसायला पंधरा वर्षं लागतात, म्हणून पेन्शन नाही. पेन्शन नाही म्हणून 2003 पासून जी माजी सैनिकांची ईसीएचएसची दवाखान्याची सोय आहे ती नाही. अन् पेन्शन नाही म्हणून नोव्हेंबरमधे बँकेत दाखला द्यायला येणं नाही, म्हणजे आमच्या यादीत नाव नाही. ज्याला मेळाव्याची सगळ्यात जास्त गरज होती तोच आमच्या पद्धतीनं गाळला गेला होता, अन् त्याच मेळाव्याला पाणी पुरवत होता. त्यांच्या मुलाला एवढंच माहीत होतं की बाबा काही दिवस मिल्ट्रीत होते.

बाजेवर त्यांना जागा करून दिली तर बसेनात. म्हणे मी पेन्शनवाला नाई, माझा काय सत्कार. त्यावर तोफखान्यातले आबा, जे दुपारपासून एक शब्द बोलले नव्हते, ते म्हणाले, "तुमी गोया नाई आनल्या असत्या तं आमी काय दगडं मारले असते?" अन् हाताला धरून बसवलं.

कागदांचं काम संध्याकाळी निघालं, अन् ते काढलं बायकांनी. गड्यांना लढाई आठवते, कागद बायकांजवळ असतात, पेटीत, गोधडीखाली, पिशवीत. एका आजीनं घरून काळी ट्रंकच आणली होती, नवऱ्याचं नाव पांढऱ्या रंगानं लिहिलेली. त्यांचं दुखणं वेगळं. लग्नात सासरी नाव बदललं, पेन्शनच्या पीपीओवर म्हणजे मंजुरीच्या कागदावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेच्या पासबुकात तिसरंच स्पेलिंग, अन् नवरा गेल्यावर कुटुंब पेन्शन दोन वर्षं अडकली होती. ते सुटलं, पण त्यांच्यामुळं बाकी आज्यांनी अन् ज्यांचे नवरे हयात आहेत त्या बायांनीही तिथंच आपापले कागद ताडून पाहिले. पाच घरात नावात फरक निघाला. नवरा जिवंत असताना ही दुरुस्ती सोपी असते, तो सही करायला असतो. माझ्या आईचंही नाव चुकीचं होतं, ते मी पुढच्याच आठवड्यात मार्गी लावलं.

ड्रायव्हर आबांकडं कागदच नव्हता. डिस्चार्ज बुक वाळवीनं खाल्लेलं. पण नंबर पाठ होता ना. त्यावरून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून रेकॉर्ड ऑफिसला पत्र गेलं, डुप्लिकेट यायला सात महिने लागले. ज्या माजी सैनिकाला पेन्शन नाही, वय 65 च्या वर आहे अन् हुद्दा हवालदार किंवा त्याखालचा आहे त्याला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून महिन्याला मदत मिळते, तेव्हा ती 4,000 रुपये होती, ऑक्टोबर 2025 मधे 8,000 करायला मंजुरी मिळाली. हा पैसा येतो ध्वजदिन निधीतून, म्हणजे दर 7 डिसेंबरला शाळेत पोरांच्या छातीला जे छोटं झेंड्याचं तिकीट लावतात त्याच्यातून. त्याच शाळेच्या मैदानावर त्या माणसानं टँकरच्या सावलीत सकाळ काढली होती, हे माझ्या मनातून जात नाही. अर्ज भरायचा, ओळखपत्र काढायचं, बँकेत खातं आधारला जोडायचं, यात बारा-पंधरा खेपा झाल्या. एका खिडकीवर "नऊच वर्षं केली मग कसले सैनिक" असंही ऐकून घ्यावं लागलं, अन् आबा शांतपणे सावधानमधे उभे राहिले. मी नाही राहू शकलो शांत, भांडलो. मदत मंजूर झाली शेवटी.

2024 ला आम्ही 15 डिसेंबरला बोलावलं, रविवार म्हणून. स्टेज नाही, बॅनर नाही, पाहुणे नाहीत. हाताच्या खुर्च्या गोल मांडल्या, कडुलिंबाखाली. कमोडची खुर्ची भाड्यानं आणली, शाळेच्या एका खोलीत ठेवली अन् आल्या आल्या प्रत्येकाला हळूच दाखवली. अकराला सुरू, थंडी उतरल्यावर, अन् चारच्या आत ज्याला त्याला घरी पोचवायची जबाबदारी एकेका पोराला नावानिशी वाटून दिलेली. फटाके तर नाहीतच, गावच्या लग्नवाल्यांनाही आठ दिवस आधी जाऊन सांगितलं की वरात शाळेवरून नेऊ नका, त्यांनी ऐकलं. या वेळी यादी बँकेवरून नाही केली, गावोगावच्या पारावर विचारत गेलो की पेन्शन नसलेलं कोणी होतं का मिल्ट्रीत, थोडे दिवस का असेना. अशी आणखी तीन माणसं निघाली. एकाच्या तर बायकोलाही माहीत नव्हतं.

त्या दिवशी गावातली भरतीची तयारी करणारी पोरंही येऊन बसली. पहाटे मेहकर रोडवर पळतात ती. त्यांना अग्निवीर व्हायचं आहे, चार वर्षांची नोकरी, त्यातले चारात एक पुढं ठेवून घेणार. बाकीचे परत येणार, बिनपेन्शनचे. ड्रायव्हर आबांनी त्यांना काही शौर्याचं वगैरे सांगितलं नाही. प्रत्येकाला विचारलं, घरी लोखंडी पेटी हाये काय? नसन तं पयले पेटी घ्या, वाळवी लागत नाई असी, अन् जे कागद भेटन ते त्याच्यात टाका. एका पोरानं खरंच घेतली पेटी, मी पाहिली आहे.

तोफखान्यातल्या आबांच्या घरी 2024 च्या दिवाळीत सुनेनं गल्लीतल्या पोरांना आधीच सांगून ठेवलं होतं, फटाके फोडायचे तर पार नदीकडं जा. आबा तरी वावरातच झोपले, पण या वेळी मुलगाही सोबत गेला, दोघं मचाणाखाली झोपले. आजीनं लक्ष्मीपूजनाचा नैवेद्य डब्यात घालून तिकडंच पाठवला.

2025 च्या पावसाळ्यात आमच्यातले दोघं गेले, एक गार्ड्सचे अन् एक महार रेजिमेंटचे, ठेचा वाढणारे ते. डिसेंबरच्या मेळाव्यासाठी खुर्च्या सांगायला निघालो तेव्हा मी बाबांना म्हटलं, या वर्षी दोन खुर्च्या कमी सांगतो. बाबा पेपर खाली ठेवून म्हणाले, "कमी नको करू. त्याईच्या घरचे येतीन ना."